दोन वेढे आणि चौदा वेढे

— द्वितीय वर्ष, कला शाखा

तारेचे उपयोग आमच्या केडगावात कोणालाही विचारा, तो बोटांवर मोजून दाखवील. कपडे वाळत घालायला तार, कुंपणाला तार, मांडवाला तार, बादलीची कडी तुटली तर तार आणि कांदाचाळीची जाळी आवळायची तीही तारेनेच. हीच तार गच्चीवर नीट ताणली आणि तिला योग्य जागी वीज दिली, तर शेकडो मैलांवरच्या माणसाशी बोलता येते, असे सांगितले की मात्र ऐकणारा आधी आपल्याकडे आणि मग आभाळाकडे पाहतो. ‘‘त्यासाठी मोबाईल हाय की!’’ असे म्हणून तो विषय संपवतो.

त्याचे म्हणणे खोटे नाही. पण मोबाईलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि हे सारे चालवणारी कंपनी लागते. हौशी रेडिओवाल्यांच्या दोन गच्च्यांमध्ये फक्त आभाळ असते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तोडला, त्या वेळी हौशी रेडिओचे केंद्र चालवण्यासाठी गेलेल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हौस म्हणून नेलेला संच आणि तार त्या दिवसांत माणसांचे निरोप पोचवण्याच्या कामी आली. सारे सुरळीत असते तेव्हा हा छंद खुळेपणाचा वाटतो खरा. पण सारे नेहमीच सुरळीत असते असे कोणी सांगितले?

तर वाचकहो, हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि स्वतःच्या संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. पैशासाठी बोलायचे नाही, व्यापारासाठी बोलायचे नाही. परवान्याबरोबर एक संकेतनाम मिळते. आपल्याकडच्या संकेतनामांची सुरुवात बहुधा ‘व्हीयू’ने होते. परवाना नसताना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. मी अजून परीक्षेच्या तयारीत आहे. त्यामुळे या लेखात जेथे जेथे बोलण्याचे बटन दाबले जाईल, तेथे ते दाबणारा हात माझा नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

तो हात आमच्या घरामागच्या काकांचा. सैन्याच्या सिग्नल विभागातून ते निवृत्त झाले आणि केडगावात देवीच्या रस्त्याला घर बांधून राहिले. गुडघे दुखतात, हात थोडे थरथरतात. पण कान असा की खरखरीच्या ढिगाऱ्यातून माणसाचा आवाज अचूक वेचून काढतील. त्यांना शिडी चढणारा एक मुलगा हवा होता, आणि मला शिडीच्या वर काय आहे ते पाहायचे होते. आमचे जमले ते असे.

आता खरा प्रश्न. हौशी लोकांना लहरींचे ठराविक पट्टे नेमून दिलेले आहेत. ७ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे ४० मीटर लांबीच्या लहरींचा. १४ मेगाहर्ट्झचा २० मीटरचा, २१चा १५ मीटरचा आणि २८चा १० मीटरचा. सकाळी ४० मीटरवर महाराष्ट्र-कर्नाटकातली मंडळी शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखी बोलतात. संध्याकाळी २० मीटरवर परदेश उघडतो. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी भराला येतात. तशा काळात १० मीटरवर थोड्याशा शक्तीत पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचा माणूस ऐकू येतो. २०२४ साली सूर्य अशाच भरात आला. तेव्हा एका पट्ट्यावर भागत नाही. चार पट्ट्यांना चार तारा ताणाव्यात, तर तेवढी गच्ची कोणाची आहे? एकाच तारेवर चार पट्टे बसवायचे, ही सामान्य माणसाची गरज आहे. आणि सगळा घोळ सुरू होतो तो येथूनच.

तार साधारणपणे लहरीच्या निम्म्या लांबीची असावी लागते. ७ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २० मीटर भरते. हीच तार १४ला दोन अर्ध्या लहरींची, २१ला तीन आणि २८ला चार अर्ध्या लहरींची होते. म्हणजे लांबी चारही पट्ट्यांना चालते. अडते ते वीज कोठे द्यायची, यावर.

हे समजायला विज्ञान शाखेत जावे लागत नाही. कपडे वाळत घालायची दोरी दोन खुंट्यांना बांधा आणि हलवा. सावकाश हलवली तर मध्ये एक पोट सुटते. जोरात हलवली तर दोन पोटे होतात आणि मधोमध दोरी स्थिर राहते. आणखी जोरात हलवली तर तीन पोटे, आणि मधोमध पुन्हा हालचाल. तारेतला करंट असाच वागतो. ७ मेगाहर्ट्झला मधोमध करंट भरपूर आणि व्होल्टेज कमी. १४ला त्याच जागी करंट जवळजवळ नाही आणि व्होल्टेज मोठे. एखाद्या जागच्या व्होल्टेजला तेथल्या करंटने भागले की जे येते, त्याला इम्पीडन्स म्हणतात. एकाच तारेच्या एकाच मध्यावर तो ७ला सत्तर ओहमच्या आसपास असतो आणि १४ला काही हजारांत जातो. संचापासून तारेपर्यंत वीज नेणारी केबल मात्र बिचारी एकाच स्वभावाची, पन्नास ओहमची.

स्वभाव जुळला नाही की काय होते? जाड दोरखंडाला बारीक सुतळी बांधा आणि झटका द्या. गाठीपाशी पोचलेल्या झटक्यातला काही भाग पुढे जातो आणि काही उलटून आपल्याच हाताकडे येतो. केबल आणि तार यांच्या गाठीपाशीही तेच घडते. किती उलटले हे मोजणाऱ्या साधनाला एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात. त्यावर एकास एक आले तर सगळे पुढे गेले. दोनास एक आले तर शंभरातले अकरा भाग परतले. तीनास एक आले तर चौथा हिस्सा परतला. परतलेली शक्ती केबलमध्ये येरझाऱ्या घालते आणि प्रत्येक खेपेला थोडी उष्णता होऊन वाया जाते. आजकालचे संच तर शहाणे. फार उलटते आहे असे दिसले की आपणहून आवाज कमी करतात.

वीज तारेपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न काही आजचा नाही. नगरहून रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या कोणाला दौंड ठाऊक नाही? त्या दौंडला १९२७ साली इंग्लंडहून येणारे बिनतारी संदेश झेलणारे केंद्र उभे राहिले, आणि पाठवणारे केंद्र पुण्याजवळ झाले. मार्कोनी कंपनीच्या या पद्धतीत मनोऱ्यांपासून इमारतीपर्यंत फ्रँकलिन नावाच्या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे तांब्याच्या एकात एक बसवलेल्या नळ्या असत. आपल्या घरात टीव्हीच्या छत्रीपासून येणारी जी गोल केबल असते, तिची ती धिप्पाड आजी म्हणायची. पुढे १९२९ साली अमेरिकेतल्या लोरेन विंडम या हौशी गृहस्थाने तारेच्या मध्याऐवजी बाजूच्या एका जागी फीडर जोडण्याची रीत एका मासिकातून मांडली, आणि ती रीत त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पुन्हा दोरीकडे पाहा. तिच्या एक-तृतीयांशावरच्या ठिकाणी एक पोट असताना, दोन असताना आणि चार असताना हालचाल सारखीच असते. म्हणजे तेथे वीज दिली तर ७, १४ आणि २८ हे तीन पट्टे एकाच स्वभावाचे होतात. फक्त २१ला, तीन पोटे असताना, नेमकी तीच जागा स्थिर असते. तो पट्टा हातचा जातो.

काकांच्या घरी ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. त्यांची गच्ची आणि पलीकडचा लिंब यांच्यामध्ये बोळ आहे. हंगामात कांद्याच्या गोण्यांनी थप्पी लावलेले ट्रॅक्टर त्या बोळातून जातात. मध्ये कोठेही केबल लोंबली की एखाद्या ट्रॉलीबरोबर ती नेप्तीच्या बाजारात पोचायची! तेव्हा वीज द्यायची ती गच्चीवरच्या टोकालाच. आणि गंमत अशी की दोरीच्या टोकाला, खुंटीपाशी, कधीच हालचाल नसते; पोटे एक असोत की चार. टोकाचा स्वभाव चारही पट्ट्यांना जवळपास एकच: करंट नाममात्र, व्होल्टेज मोठे, इम्पीडन्स अडीच हजार ओहमच्या घरात. एकदा अडीच हजारांची पन्नासाशी सोयरीक जमवली की चारही पट्टे मिळाले. ती जमवायला एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कड्यावर तांब्याच्या तारेचे दोन वेढे एका बाजूला आणि चौदा वेढे दुसऱ्या बाजूला.

येथे एखादे प्राध्यापक विचारतील, ‘‘बाबा रे, तू कला शाखेचा. तुला हे उद्योग कोणी सांगितले?’’ त्यांच्यासाठी एक दाखला देतो. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बावीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तिचे नाव उषा मेहता. महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओवर बंदी आली होती. तरी नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओवाल्याचे कसब या केंद्राच्या कामी आले. जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरपर्यंत चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली. उषाबेन चार वर्षांची शिक्षा झाल्यावर येरवड्याच्या तुरुंगात गेल्या, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी शिकवले ते राज्यशास्त्र. त्या केंद्राच्या लहरीची लांबी होती ४२.३४ मीटर. मी गणित करून पाहिले: म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हौशी लोकांना दिलेल्या ७च्या पट्ट्यात ती बरोबर बसते. त्या लहरीसाठी आज तार कापायची झाली तर काकांच्या गच्चीवरून लिंबापर्यंत जाते तेवढीच कापावी लागेल. कला शाखेचे आणि या तारेचे नाते हे असे जुने आहे.

असो. ट्रान्सफॉर्मरकडे वळू.

काकांचे हात थरथरत असल्याने ते कडे आणि वेढ्यांचा कागद घेऊन मी आमच्या दुकानात गेलो. आमचे दुकान म्हणजे पुणे रस्त्यावरचे मोटार रिवाइंडिंग. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आसपासच्या गावांतून येतात. अण्णा त्यांचे जळके वाइंडिंग उपसून नवे भरतात. अण्णांची शाळा सातवीला सुटली. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. त्यात तीस वर्षांत हाताखालून गेलेल्या मोटारींची नोंद आहे: किती हॉर्सपॉवर, किती गाळे, किती टर्न, कोणत्या गेजची तार. कॉलेजच्या प्रवेश अर्जात ‘पालकाचे शिक्षण’ या रकान्यात मी दर वर्षी ‘सातवी’ लिहितो. ती वही लिहायला अर्जात रकाना नसतो.

या वर्षी आमच्याकडचा कारागीर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागला. उन्हाळा म्हणजे मोटारी जळण्याचा हंगाम. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा एका रात्री जेवताना म्हणाले होते, ‘‘पुढचं वरीस जरा थांबला तर? बी.ए. हून काय मोटार चालू व्हती का?’’ आई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. अण्णांचे म्हणणे वाईट नव्हते आणि हिशेबाला चुकीचेही नव्हते. पण घरातला पहिलाच मुलगा कॉलेजात गेला की ‘एक वरीस थांब’ याचा अर्थ काय होतो, ते माझ्या बरोबरीच्या दोन-तीन मुलांकडे पाहून मला ठाऊक होते. त्या रात्रीपासून आमचे बोलणे गिऱ्हाइकापुरते उरले होते.

मी कडे त्यांच्यापुढे ठेवले. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले, नखाने टिचकी मारली. ‘‘पट्ट्या न्हाईत यात?’’ मोटारीत पातळ लोखंडी पत्र्यांची चळत असते, तिच्याविषयी ते विचारत होते. मी सांगितले, मोटारीचा करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. हा कोट्यवधी वेळा बदलतो. लोखंडी पट्ट्या इतक्या वेगाला तापून जातील, म्हणून हे वेगळे मातीसारखे भाजलेले कडे.

‘‘टर्न किती?’’

‘‘दोन आणि चौदा. पहिले दोन जोडीने पीळ देऊन.’’

मला ज्याला तास लागला असता ते त्यांनी दहा मिनिटांत केले. वेढे असे की मोजताना बोट अडखळू नये. एनॅमल खरवडले, डाग दिला, आणि मग माझ्या हातातला कागद पाहून विचारले, ‘‘यावर एकोणपन्नास कशाचं लिवलंय?’’

‘‘एकास एकोणपन्नास. या ट्रान्सफॉर्मरचे प्रमाण.’’

‘‘दोन अन् चवदा म्हंजी एकाला सात. एकोणपन्नास कुठून आणलं?’’

मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. संच पन्नास वॅट देतो. पन्नास ओहमच्या केबलमध्ये ते होतात पन्नास व्होल्ट आणि एक अँपियर. पुढचे मी लिहिण्याआधीच अण्णांनी पेन घेतले. ‘‘टर्न सातपट, तर होल्टेज सातपट. साडेतीनशे. करंट सातवा हिस्सा.’’ ते क्षणभर थांबले. ‘‘इकडं साताने वाढलं, तिकडं साताने घटलं. भागलं का सात साते एकोणपन्नास. मंग असं म्हण की!’’

इंग्रजी पुस्तकात यासाठी वेढ्यांच्या प्रमाणाचा ‘वर्ग’ असा शब्द आहे. अण्णांच्या तोंडी त्याचा पाढा झाला. मी काही त्यांना शिकवले नाही. तीस वर्षे ते त्यांच्या बोटांत होतेच. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारणाऱ्याची भाषा त्यांच्याशी जुळली नव्हती, एवढेच. कॉलेजात मी ‘होते’ म्हणतो आणि घरी ‘व्हतं’ म्हणतो. आजवर मला वाटे की या दोन्हींमध्ये फक्त लाज आहे. त्या दिवशी वाटले, मध्ये वेढेही घालता येतात.

तार वाइंडिंगची नको, हेही अण्णांनीच सांगितले. ती नरम, ताणली की लांबते. म्हणून घराच्या फिटिंगची, वर प्लास्टिक असलेली पिळाची तार घेतली. मुद्दाम २०.६ मीटर ठेवली, कारण लांब तार कापता येते, आखूड तार वाढवायला जोड द्यावा लागतो. विजेच्या खांबांपासून लांब, गच्चीवरच्या पाइपापासून लिंबापर्यंत ती ताणली. मीटरने पाहिले तर तार ६.८५ मेगाहर्ट्झवर सुरात येत होती. दोन खेपांत सत्तर सेंटिमीटर कापली तेव्हा ती ७.१वर आली. मग चारही पट्टे मोजले: ४० मीटरला १.४, २० मीटरला १.६, १५ मीटरला २.२ आणि १० मीटरला २.३. कड्याच्या दोन वेढ्यांच्या बाजूला एक लहानसा कपॅसिटर जोडल्यावर १० मीटरचा आकडा दोनाच्या खाली उतरला.

त्या संध्याकाळी अण्णा दुकान बंद करून थेट काकांच्या गच्चीवर आले. काकांनी बजावले, बोलणे चालू असताना टोकाला हात नाही, तेथे साडेतीनशे व्होल्ट असतात. अण्णा हसले, त्यांना हे सांगण्याची गरज नव्हती. काकांनी १४ मेगाहर्ट्झवर हाक दिली. चौथ्या हाकेला खरखरीतून एक आवाज वर आला. इटलीतले एक गृहस्थ होते. नाव, गाव, हवामान झाले. मग त्यांनी विचारले, अँटेना कोणता? काकांनी सांगितले, टोकाला वीज दिलेली तार, आणि ट्रान्सफॉर्मर शेजारच्या कारागिराने हाताने वळलेला. तिकडून प्रश्न आला, वेढे किती?

काकांना आकडा पाठ होता. तरी त्यांनी मान वळवून अण्णांना विचारले, ‘‘किती हो?’’

‘‘दोन अन् चवदा.’’

काकांनी ते इंग्रजीत सांगितले. खरखरीतून ते दोन आकडे जसेच्या तसे परत आले: टू, फोर्टीन. तेवढे इंग्रजी अण्णांना येते. टर्न मोजताना ते इंग्रजीतच मोजतात.

बोलणे संपून संच बंद झाल्यावर अण्णा उठले आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या डबीवर तळवा ठेवला. गिऱ्हाइकाला मोटार देण्याआधी ती चालवून बंद केली की ते अंगावर हात ठेवून पाहतात, तसाच. ‘‘कोमट हाय. टिकंल,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीखाली त्यांच्या अक्षरात नवी ओळ होती: ‘काकांचे कडे, २/१४, ४९.’

तृतीय वर्षाच्या अर्जावर पालकाची सही झाली आहे. त्याआधी आमचे एक ठरले: पहाटे सहा ते दहा दुकान माझ्याकडे, अकराला तास. झोप कमी पडते, पण जमते. रेडिओची परीक्षाही याच वर्षी द्यायची आहे. २१ मेगाहर्ट्झवर मीटर अजून २.२ दाखवतो, लिंबाकडचे टोक थोडे वर घेऊन पाहावे, असे काकांचे म्हणणे आहे, आणि वेढे जरा पांगवून पाहावेत, असे अण्णांचे. रविवारी दुकान बंद असते. दोघांनीही यायचे कबूल केले आहे.